आपली यादी, यंत्राचा अंदाज

‘आधी ते ऑटोकरेक्ट बंद करा’ हा सल्ला मराठीत टाइप करणाऱ्या जवळपास प्रत्येकाला कुणीतरी कधीतरी दिलेला असतो. टायपिंग क्लासचे सर देतात, छापखान्यातली जुनी मंडळी देतात, भाषेची कळकळ असणारे प्राध्यापकही देतात. कारणे प्रत्येकाची वेगळी. सर म्हणतात, हाताला वळण लागत नाही. छापखानेवाले म्हणतात, मजकुराची वाट लागते. प्राध्यापकांचे म्हणणे असे की त्याने शुद्धलेखन विसरायला होते, आणि वेळ वाचून वाचणार तरी किती, दोन-चार सेकंद. ही सगळी माणसे प्रामाणिक आहेत आणि त्यांच्या बोलण्यात थोडेफार तथ्यही आहे. तरीही हा सल्ला चुकीचा आहे. ज्यांचे पोट टायपिंगवर चालते त्यांचे तो रोज नुकसान करतो. मुद्रितशोधन आणि अक्षरजुळणी हे माझे रोजचे काम आहे, आणि त्या कामाच्या आधारावरच मी हे म्हणतो आहे.

सुरुवात छापखान्यापासून करतो, कारण ती तक्रार सर्वांत जुनी आणि सर्वांत खरी आहे. युनिकोड रुळण्याआधी मराठी मजकूर श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा फॉन्टांत जुळवला जाई. पडद्यावर देवनागरी दिसे, पण संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरेच असत. एखाद्या कळीच्या लहान इंग्रजी अक्षराला एक देवनागरी खूण दिलेली, तर त्याच कळीच्या मोठ्या अक्षराला अगदी वेगळी. आणि वर्डची सवय अशी की पूर्णविराम आला, जागा सोडली, की पुढचे अक्षर परस्पर कॅपिटल करायचे. इंग्रजीत ते बरोबरच होते. मराठीत त्यामुळे वाक्याच्या पहिल्या शब्दाचे तोंडच बदलून जाई. साध्या अवतरणचिन्हाचे वळणदार चिन्ह झाले की तिथे असलेली देवनागरी खूण उडून भलतेच काहीतरी उमटे. पुस्तकाच्या तीनशे पानांत हे कुठे कुठे झाले ते शोधायचे म्हणजे मुद्रितशोधकाचे डोळे जायचे. म्हणून नवीन मशीन आले की पहिले काम ऑटोकरेक्ट बंद करण्याचे. तो नियम शहाणपणाचाच होता.

पण तो त्या फॉन्टांपुरता होता. युनिकोडमध्ये ‘क’ हा ‘क’ म्हणूनच साठवला जातो, आणि देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नाहीत, त्यामुळे कॅपिटल करण्यासारखे काही उरतच नाही. कारण संपले आणि नियम मागे राहिला. आज युनिकोडमध्येच शिकलेली पोरे-पोरीसुद्धा बसल्या बसल्या तो पर्याय बंद करतात. का, असे विचारले तर ‘तसंच करायचं असतं’ एवढेच उत्तर मिळते. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या फॉन्टांचा राग आजच्या टायपिस्टच्या बोटांवर कशासाठी काढायचा?

दुसरा घोटाळा त्याहून मोठा आहे. ऑटोकरेक्ट या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी वावरतात, आणि टीका करणारे त्या दोन्हींना एकाच दोरीने बांधतात.

एक आहे यादी. डावीकडे जे लिहिले जाईल ते, उजवीकडे त्या जागी जे यायला हवे ते. तुम्ही स्वतः भरलेली, तुम्हाला हवी तेव्हा बदलता येणारी. वर्डमध्ये ऑटोकरेक्ट आले १९९३ साली, वर्ड ६.० मध्ये, आणि त्यामागे मायक्रोसॉफ्टचे डीन हॅचामोविच होते. त्याआधी वर्डमध्ये ग्लॉसरी नावाची सोय होती: छोटी खूण लिहायची, एक वेगळी कळ दाबायची, की पूर्ण मजकूर उमटे. वेगळी कळ कशाला, शब्द संपला की प्रत्येक जण स्पेसबार दाबतोच, हे लक्षात आले आणि ती खूण स्पेसबारवरच उघडू लागली. म्हणजे ही सोय जन्मली तीच मुळी थोडे लिहून पुष्कळ उमटवण्याच्या गरजेतून. चुका सुधारणे हे तिचे दुसरे काम.

दुसरी गोष्ट आहे अंदाज. लिहिलेला शब्द आपल्या कोशात नाही, म्हणजे तो चुकला असणार, असे यंत्र ठरवते आणि जवळचा वाटेल तो शब्द पुढे करते. याचे गाजलेले उदाहरण इंग्रजीतलेच आहे. सहकार्य या अर्थाचा ‘कोऑपरेशन’ हा शब्द जुन्या स्पेलचेकरांच्या कोशात मधल्या आडव्या रेघेसह होता. रेघ न देता लिहिला की ते त्याऐवजी ‘क्युपर्टिनो’ सुचवत. हे कॅलिफोर्नियातल्या एका गावाचे नाव. सुचवलेले न वाचता स्वीकारल्यामुळे युरोपीय संघ, संयुक्त राष्ट्रे आणि नाटो यांच्या कागदपत्रांतसुद्धा सहकार्याच्या जागी ते गाव जाऊन बसले.

मराठीत अंदाजाची गत याहून वाईट होते, कारण आपला शब्द मूळ रूपात क्वचितच येतो. पाऊस म्हटले की पावसाने, पावसात, पावसातही, पावसासारखा, पावसापुरता, पावसाच्याच, अशी रांग लागते. शब्दयोगी अव्यये आणि ‘च’, ‘ही’, ‘सुद्धा’ एकावर एक चढत जातात. कोशात मूळ शब्द असतो, लिहिणारा लिहितो त्याचे सातवे-आठवे रूप, आणि यंत्राला ते चुकलेले वाटते. मोबाइलवर रोमन अक्षरांत मराठी लिहिणाऱ्यांचे हाल तर विचारूच नका. इंग्रजी कळफलकाच्या दृष्टीने त्यांचा प्रत्येक शब्द ही इंग्रजीची चूकच असते. तिथे अंदाज बंद करा असे कुणी म्हणत असेल तर मी त्याच्या बाजूने आहे, आणि त्यापुढे जाऊन म्हणेन की मराठी कळफलक घ्या आणि देवनागरीत लिहा.

पण अंदाजाचा गुन्हा यादीच्या माथी मारू नका. यादी अंदाज करत नाही. तुम्ही सांगितले नाही ते ती कधीच करत नाही. नको तिथे बदल झालाच तर कंट्रोल आणि झेड दाबले की लिहिलेले होते तसे परत येते.

आता वेळेचा मुद्दा. दोन-चार सेकंद म्हणून तो उडवून लावणाऱ्यांनी एकदा ठोके मोजावेत. ‘कार्यकारी अभियंता, सार्वजनिक बांधकाम विभाग’ हे पदनाम घ्या. अक्षर, काना, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडण्याची खूण असे एकेक धरून, मधल्या जागा आणि स्वल्पविरामासह इन्स्क्रिप्टवर त्याचे ४२ ठोके होतात. अ, ध आणि भ यांना शिफ्टची जोड लागते ती वेगळीच. त्याऐवजी यादीत ‘काअसा’ ही खूण ठेवली तर ठोके होतात ५. वाचले ३७. राज्य परीक्षा परिषदेच्या संगणक टायपिंग परीक्षेचा मराठीचा पहिला टप्पा मिनिटाला ३० शब्दांचा आहे. पाच ठोक्यांचा एक शब्द धरला तर मिनिटाला १५० ठोके. म्हणजे या एका पदनामात जवळपास १५ सेकंद वाचतात. एखाद्या निविदेत किंवा पत्रव्यवहाराच्या गठ्ठ्यात ते बारा वेळा आले तर तीन मिनिटे. आणि दिवसभरात असे एकच पदनाम येते असे ज्याला वाटते त्याने सरकारी कचेरीतला एक तरी कागद नीट वाचावा. विभाग, उपविभाग, संदर्भ, शासन निर्णय क्रमांक, ‘उपरोक्त विषयास अनुसरून’, ‘आपल्या स्तरावरून उचित कार्यवाही व्हावी’: निम्मा कागद ठरलेल्या शब्दांचा असतो.

शिवाय ही बचत घड्याळापुरती नाही. संध्याकाळी मनगट आणि करंगळी दुखते तेव्हा तो हिशेब बोटांना कळतो. जे स्वतः दिवसाला एक-दोन पाने लिहितात त्यांनी, दिवसाला तीस-चाळीस पाने काढणाऱ्या माणसाला ‘वेळ वाचवून करायचंय काय’ असे विचारणे मला अन्यायाचे वाटते.

त्या वाचलेल्या वेळाचे काय होते ते एका तालुक्याच्या गावी मी जवळून पाहिले आहे. तहसील कचेरीबाहेर पत्र्याच्या शेडखाली टेबल टाकून एक बाई अर्ज आणि प्रतिज्ञापत्रे टाइप करून देतात. यादी त्यांनी स्वतःच बनवलेली. ‘मातह’ लिहून स्पेसबार दाबला की ‘मा. तहसीलदार साहेब, तहसील कार्यालय’ एवढे उमटते. ‘वानों’ म्हटले की ‘वारस नोंद होणेबाबत’. प्रतिज्ञापत्राच्या वाक्यासाठी त्यांनी दोन खुणा ठेवल्या आहेत. समोर पुरुष असेल तर ‘सप्रतो’, म्हणजे ‘सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की’, आणि बाई असेल तर ‘सप्रते’, म्हणजे ‘लिहून देते की’. छापील फॉर्मवर ‘देतो/देते’ असे दोन्ही असते आणि नको ते खोडायचे राहून जाते. त्यांच्या कागदावर तसे होत नाही.

यादीत त्यांनी काय ठेवलेले नाही, ते मला जास्त महत्त्वाचे वाटले. गट नंबर नाही, क्षेत्र नाही, कुणाचे नाव नाही. ते सगळे सातबारा समोर ठेवून, अंक तोंडाने म्हणत, हाताने. लिहून झाले की पडद्यावर बोट ठेवून समोरच्या म्हाताऱ्याला वाचून दाखवतात: ‘तात्या, एवढं बघा बरं, हेक्टर शून्य, आर बेचाळीस, बरोबर ना?’ तात्या चष्मा वर सरकवून बघतात, सातबाऱ्याशी ताडतात, मान डोलावतात. मगच प्रिंट. ठरलेल्या वाक्यांवरचा वेळ वाचला म्हणून या एका ओळीवर थांबायला त्यांना सवड मिळते. रांगेत सहा माणसे उभी असताना सगळेच हाताने लिहावे लागले असते, तर घाई नेमकी या ओळीवर झाली असती. गट नंबरातला एक अंक चुकला की शेतकऱ्याला किती हेलपाटे पडतात ते त्या भागात कुणाला सांगावे लागत नाही.

असे तयार शब्द वापरल्याने लेखन साचेबद्ध होते, असाही एक आक्षेप आहे. ज्या लेखनाचा साचा कायद्याने आणि कचेरीने आधीच ठरवला आहे, त्यात तो कसा काय नवा होणार? आणि संक्षेपाचे आपल्याला वावडे कधी होते? ‘सा. न. वि. वि.’ ही चार अक्षरे पिढ्यान् पिढ्या पत्रांच्या माथ्यावर ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ म्हणून उभी राहिली. चि., सौ., ती., मु. पो., ता., जि. हे तर आजही चालू आहेत. मोडीच्या दप्तरांत संक्षेपांशिवाय ओळ सरत नाही. संक्षेप वाचणाऱ्याने मनात उलगडायचा ही जुनी रीत होती. यादीत तो कागदावरच उलगडून मिळतो, वाचणाऱ्याला काहीच अडचण राहत नाही.

आता प्राध्यापकांचा मुद्दा, कारण तो मनापासून आलेला आहे. यंत्राने सुधारले की माणूस शुद्धलेखन विसरतो असे ते म्हणतात. अंदाजाच्या बाबतीत हे खरे असू शकेल. यादीच्या बाबतीत उलटे घडते, कारण यादीतली प्रत्येक नोंद करताना बरोबर काय हे आधी ठरवावे लागते. ‘आशिर्वाद’ डावीकडे टाकायचा तर उजवीकडे ‘आशीर्वाद’ लिहावा लागतो, आणि त्यासाठी एकदा तरी कोश उघडावा लागतो. ‘परिक्षा’, ‘सुचना’, ‘पुर्ण’, ‘उज्वल’, ‘विद्यार्थीनी’ या रोजच्या चुका अशा एकेक करून कायमच्या मिटवता येतात. ‘महत्व’च्या जागी ‘महत्त्व’ आणि ‘तत्व’च्या जागी ‘तत्त्व’ घालणारा माणूस मग ‘नेतृत्व’ आणि ‘अस्तित्व’ यांच्याशी थांबतो, कारण तिथे त एकच. महत् आणि तत् यांच्या शेवटी मूळचाच त् आहे आणि पुढे त्व लागले, हे त्याला नोंद करताना उमगते. व्याकरणाच्या तासाला हे जेवढ्या मुलांना उमगते त्यापेक्षा यादी करणाऱ्यांना नक्कीच जास्त उमगते.

यादी करण्याची शिस्तही मराठीच शिकवते. डावीकडे टाकायचा तो शब्द कुठल्याही वाक्यात कधीच बरोबर नसला पाहिजे, हा पहिला नियम. म्हणून ‘दिन’ आणि ‘दीन’ यांना हात लावायचा नाही. महाराष्ट्र दिन वेगळा आणि दीनदुबळे वेगळे, आणि कुठे कोणता हे वाक्य वाचणाऱ्या माणसालाच ठरवावे लागणार. ‘सुत’ आणि ‘सूत’ यांचेही तेच. याउलट ‘मुळ’ खुशाल टाका, त्याचे ‘मूळ’ होऊ द्या. यादी अख्खा शब्द जुळला तरच बदल करते, त्यामुळे ‘मुळात’ आणि ‘मुळे’ यांतला ऱ्हस्व उकार जागच्या जागी राहतो. दुसरा नियम खुणांचा: खूण म्हणून जो अक्षरसमूह घ्याल तो मराठीत शब्द म्हणून नसावा. ‘काअसा’ असा शब्द नाही म्हणून ती खूण चालते. ‘काम’ ही खूण केलीत तर पुढच्याच वाक्यात पस्तावाल.

मर्यादा आहेत आणि त्या मी झाकत नाही. ‘परिक्षा’ची नोंद ‘परिक्षेला’ आणि ‘परिक्षेचा’ यांना लागू पडत नाही, सामान्यरूपांच्या नोंदी वेगळ्या कराव्या लागतात. लिब्रेऑफिसमध्ये शब्दाच्या टोकाला टिंब आणि तारका देऊन पुढचे प्रत्यय मोकळे सोडता येतात, तिथे हे काम बरेच हलके होते. वर्डमध्ये प्रत्येक भाषेची यादी निराळी असते. इंग्रजी निवडलेले असताना भरलेली यादी मराठी मजकुरात लागू झाली नाही, की ‘मराठीत हे चालतच नाही’ म्हणून लोक नाद सोडून देतात. मजकुराची भाषा मराठी ठेवा आणि मग यादी भरा, चालते. चुकीची नोंद शंभर ठिकाणी तीच चूक करील हेही खरे आहे. मात्र शंभर ठिकाणी सारखी असलेली चूक एका शोधात सापडते आणि एका दुरुस्तीने जाते. थकलेल्या हाताने शंभर ठिकाणी केलेल्या शंभर तऱ्हांच्या चुका शोधणे काय असते, ते मुद्रितशोधकाला विचारा.

एक गोष्ट तर अशी आहे की ती नजरेला दिसतच नाही, आणि तिथे यादीशिवाय भागत नाही. ‘वऱ्हाड’ हा शब्द घ्या. यातला अर्धा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी साठवता येतो. एक रीत म्हणजे खाली टिंब असलेला ऱ घेऊन त्याचा पाय मोडायचा. दुसरी म्हणजे साधा र घ्यायचा, त्याचा पाय मोडायचा आणि मध्ये एक अदृश्य जोडखूण टाकायची. पडद्यावर आणि कागदावर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात. यंत्राच्या लेखी हे दोन वेगळे शब्द आहेत. चार लेखकांनी चार साधनांवर लिहिलेले लेख एका अंकात आले की सूची करताना निम्मे ‘वऱ्हाड’ सापडतच नाहीत. ‘दुसऱ्या’, ‘शेतकऱ्यांचा’, ‘तऱ्हा’, सगळ्यांचे हेच. ‘ॲप’ आणि ‘ॲडव्होकेट’ यांतल्या पहिल्या अक्षराचीही तीच गत: स्वतंत्र ॲ युनिकोडमध्ये २००८ साली आला, त्याआधीची सवय असलेले लोक अ लिहून वर चंद्र देतात. कितीही जाणकार असला तरी माणसाच्या डोळ्याला हा फरक पकडता येणार नाही. शुद्धलेखनाच्या वहीत त्याला नियम नाही. साहित्य महामंडळाचे नियम, १९६२चे चौदा आणि १९७२चे चार, कागदावरच्या मराठीसाठी होते आणि तेव्हा ते पुरेसे होते. रोजच्या वापरातल्या अशा शब्दांची एक रीत ठरवायची आणि दुसरी रीत यादीने बदलून घ्यायची, हाच उपाय आहे. ऑटोकरेक्ट बंद करा म्हणणाऱ्यांकडे याला काय उत्तर आहे, ते मला खरोखर ऐकायचे आहे.

टायपिंग क्लासच्या सरांशी माझे भांडण सर्वांत कमी आहे. शिकताना आणि परीक्षेत ऑटोकरेक्ट बंदच हवे, कारण तिथे बोटे तपासायची असतात. हाताला कळफलक पाठ नसेल तर यादीचाही उपयोग नाही. माझी विनंती एवढीच, की परीक्षा झाल्यावर शेवटच्या आठवड्यात मुलांना यादी कशी करायची तेही शिकवा. त्यांना पुढे नोकरी लागेल ती कचेरीत, वकिलाकडे, छापखान्यात किंवा बँकेत, आणि तिथे कुणी त्यांची बोटे तपासणार नाही.

सरकारकडेही एक मागणी आहे. १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने पदनाम कोश केला, शासन व्यवहार कोश केला. या कामामागे मोठी विद्वत्ता आहे आणि ते कपाटात राहू नये. त्यातली पदनामे, विभागांची नावे, नेहमी लागणारे वाक्प्रयोग आणि हमखास चुकणारे शब्द यांची तयार यादी, वर्डला आणि लिब्रेऑफिसला चालेल अशा फायलीत, नव्या लिपिकाच्या मशीनवर पहिल्याच दिवशी घालून दिली पाहिजे. मशीन फॉरमॅट झाले की यादी जाते, म्हणून तिची एक प्रत कार्यालयाच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवावी. आणि कार्यालयात कुणी नवी नोंद सुचवली तर ती तपासण्याची जबाबदारी एका माणसावर नावानिशी टाकावी, कोश उघडून बघायला त्याला आठवड्यातला एक तास द्यावा. एवढ्याला नवा निधी लागत नाही, आदेशाचे एक पान पुरे आहे.